धुरावर जगणारं छप्पर

व्हेनिसहून ट्रिएस्टच्या दिशेनं निघालं की एड्रियाटिकचा किनारा सलग राहत नाही. आल्प्समधून उतरणाऱ्या नद्यांचा गाळ आणि समुद्रानं रचलेले वाळूचे दांडे यांच्यामध्ये उथळ, मचूळ पाण्याची खाजणं पसरली आहेत. आधी काओर्लेचं, पुढे मारानोचं आणि त्याला लागूनच ग्रादोचं. मारानो आणि ग्रादोचं खाजण मिळून सुमारे 160 चौरस किलोमीटर भरतं, आणि होड्यांच्या वाटा सोडल्या तर बहुतेक ठिकाणी पाणी कमरेच्या वर जात नाही. या पाण्यातल्या चिखलाच्या उंचवट्यांवर बोरूनं शाकारलेल्या, जमिनीपर्यंत उतरत्या छपराच्या झोपड्या दिसतात. स्थानिक लोक एकीला कासोने आणि अनेकींना कासोनी म्हणतात. पर्यटकांच्या हाती पडणाऱ्या पत्रकांत त्यांचं वर्णन ‘शेकडो वर्षं न बदललेली घरं’ असं ठरलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. आकार जुना आहे, पण झोपडी जुनी नाही. कुठल्याही छपरातला सर्वांत जुना बोरू फार तर दहा-वीस वर्षांपूर्वी कापलेला असतो, आणि खांबही केव्हा ना केव्हा बदललेले असतात. दगडी किल्ला पाहताना आपण शतकांपूर्वीची वस्तू पाहतो. इथे आपण पाहतो ती अलीकडेच झालेली दुरुस्ती. म्हणून या झोपड्यांबद्दल विचारायचा प्रश्न ‘त्या किती जुन्या’ हा नाही. त्यांची दुरुस्ती कोण करतं आणि त्याला ती करावीशी का वाटते, हे विचारायला हवं. माझ्या मते तिथे जो चूल पेटवतो तो त्या झोपडीचा रक्षक, मग तो मासेमार असो वा नसो.

आधी बांधणी पाहू, कारण सगळा युक्तिवाद तिच्यात आहे. खाजणातली जमीन म्हणजे ओला गाळ. त्यावर विटांचं घर बांधायचं तर खोलवर लाकडी खुंट ठोकावे लागतात, जे व्हेनिसनं केलं आणि ज्यासाठी व्हेनिसची संपत्ती लागली. मासेमारानं उलट वाट धरली. त्यानं घरच इतकं हलकं केलं की चिखलाला ते पेलावं. आधी आजूबाजूचा गाळ उपसून उंचवटा करायचा, ज्याला ग्रादोकडे मोता म्हणतात, आणि त्याची कड खुंटांनी बांधून घ्यायची. मग लाकडी खांब, आढं, वासे, आणि त्यावर बोरूच्या पेंढ्या खालून वर अशा एकावर एक चढवत न्यायच्या. भिंतीही बहुधा बोरूच्याच. कोकणातला कारवीचा कूड आठवावा, फक्त इथे तो चांगला जाड असतो. बोरू आतून पोकळ आणि त्याच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे तो वजनाला हलका, ऊब धरणारा आणि पाण्याला लवकर न भिजणारा. पण हे गुण उतार तीव्र असला तरच कामाचे. पाणी पेंढ्यांवर रेंगाळलं की छप्पर कुजतं. म्हणून पाखी इतक्या उभ्या असतात की दुरून झोपडीला भिंती नाहीतच असं वाटावं.

दार कुठे असावं हे वारा ठरवतो. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा बोरा नावाचा कोरडा, गार वारा हिवाळ्यात झपाट्यानं सुटतो. त्यामुळे दार पश्चिमेच्या अंगाला आणि पाठ वाऱ्याकडे. काही ठिकाणी ही पाठ गोलाकार केलेली असते, म्हणजे वारा आदळण्याऐवजी कडेनं निघून जातो. हीच युक्ती शेकडो किलोमीटर पलीकडे, फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या मुखाशी असलेल्या कामार्गच्या दलदलीत सापडते. तिथल्या गुराख्यांच्या बोरूच्या झोपड्यांची गोल पाठ मिस्त्राल वाऱ्याकडे वळवलेली असते. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं पाहून हे केलं असं मानायचं कारण नाही. सारखा वारा आणि सारखा बोरू मिळाला की उत्तरही सारखंच येतं. याचा आणखी जवळचा पुरावा खुद्द या खाजणात आहे. 1866 पासून 1915 पर्यंत इटली आणि ऑस्ट्रिया यांची सीमा याच पाण्यातून गेली होती. मारानो इटलीत, ग्रादो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आणि पोर्तो बूझो हे मुख सीमेवरचं ठाणं. पोर्तो बूझोवर 24 मे 1915 ला, इटलीच्या युद्धाच्या पहिल्याच दिवशी, हल्ला झाला. अर्धशतकभर दोन राज्यांचे कायदे, कर आणि नाणी वेगळी होती. झोपड्या मात्र दोन्हीकडे एकाच घडणीच्या राहिल्या.

आत शिरताना बहुधा वाकावं लागतं. एकच खोली, मधोमध जमिनीवर चूल, भिंतीकडेला झोपायची जागा, आणि पारंपरिक झोपडीत धुराडं नाही. बाहेरून आलेल्याला ही उणीव वाटते, पण सगळ्या रचनेचा कणा तोच आहे. चुलीचा धूर वर चढतो, पाख्यांच्या आतल्या बाजूला रेंगाळतो आणि पेंढ्यांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडतो. जाता जाता तो बोरू वाळवतो, बुरशी धरू देत नाही, किडे पळवतो आणि वाशांवर काजळीचा थर चढवतो. आपल्याकडे चुलीवर स्वयंपाक होत होता तोवर माळ्याच्या लाकडाला कीड लवकर लागत नसे, त्यामागचं कारणही हेच. दमट खाजणात हे रोजचं धुरी देणं थांबलं की ओल आतून चढते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारं छप्पर काही हिवाळ्यांत बसतं. म्हणजे या घराची देखभाल हे वेगळं काम नव्हतंच. दोन वेळचं जेवण शिजवताना ती आपोआप होत होती. आग लागण्याची भीती होतीच. चूल मधोमध, भिंतींपासून दूर आणि छताच्या सर्वांत उंच भागाखाली ठेवण्याचं ते एक कारण. तरीही एखादं छप्पर जळे. नवं घालायला लागणारा माल दारातच उगवत होता आणि हात घरचेच होते.

हे सगळं चालत होतं ते मासेमारीच्या वर्षचक्रावर. वसंतात बोय, तांबोशीसारखे दिसणारे मासे आणि युरोपी समुद्रबास यांची पिल्लं समुद्रातून खाजणात शिरतात, कारण उथळ पाणी लवकर तापतं आणि त्यात खाद्य मुबलक असतं. शरदात पाणी गार पडू लागलं की तेच मासे, आता मोठे होऊन, खोल समुद्राकडे परतायला निघतात. वाम मासाही वादळी, काळोख्या रात्री निघतो. परतीची ही वाट अडवणं म्हणजे इथली मासेमारी. खाजणाचे काही भाग बांध घालून वेगळे केले आणि समुद्राकडच्या तोंडाशी बाणाच्या टोकासारखे सापळे बसवले. पूर्वी ते बोरू आणि लाकडी खुंट यांचेच असत. त्यांना लाव्होरिएरो म्हणतात. गोव्याच्या खाजण शेतांतल्या मानशीशी ज्याची ओळख आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. तिथेही भरतीचं पाणी आत घेणाऱ्या आणि ओहोटीला सोडणाऱ्या दारातच मासा सापडतो. ऐन हंगाम असा शरद आणि हिवाळ्यात, म्हणजे हवामान सर्वांत वाईट असताना. गावाहून रोज वल्हवत येणं शक्य नाही, म्हणून पाण्यातच मुक्काम हवा. काओर्लेकडे पुरुष थंडीचे महिने झोपडीत काढत. ग्रादोकडे कित्येक कुटुंबं बायकामुलांसह खाजणातच राहत आणि सणाला किंवा मासळी विकायला गावात जात. ग्रादोचा प्रसिद्ध बोरेतो हा पदार्थ याच चुलीवर घडला. बिडाच्या भांड्यात तेल, लसूण, व्हिनेगर आणि भरपूर मिरी यांत मासा शिजवायचा आणि पांढऱ्या मक्याच्या पोलेंताबरोबर खायचा. टोमॅटो नाही, कांदा नाही. ताज्या भाजीची खात्री नसलेल्या घरातलं हे जेवण आज उपाहारगृहांत बऱ्याच किमतीला मिळतं.

या राहणीची सर्वांत जुनी म्हणता येईल अशी लेखी नोंद सहाव्या शतकातली आहे. ऑस्ट्रोगॉथ राजांच्या सेवेतला अधिकारी कासिओदोरुस यानं 537 च्या सुमारास या किनाऱ्याच्या पुढाऱ्यांना एक सरकारी पत्र लिहिलं. इस्त्रियातून वाइन आणि तेल होडीनं पोचवा, एवढंच खरं तर त्याला सांगायचं होतं, पण ओघात तो इथल्या घरांची तुलना पाणपक्ष्यांच्या घरट्यांशी करतो, लाटांना अडवायला विणलेल्या फांद्यांच्या कुंपणाचा उल्लेख करतो आणि दाराशी बांधलेल्या होड्यांचाही. राज्याच्या कारकुनानं खाजणातल्या लोकांची जराशी खुशामत केली आहे हे उघड आहे. तरी कड बांधून उंचवटा राखायची पद्धत तेव्हाही होती, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. दीड हजार वर्षं एखादी पद्धत टिकते आणि त्या काळातली एकही इमारत शिल्लक नाही, याचा अर्थ टिकलं ते कसब. इराकच्या दक्षिणेतल्या दलदलींनी हेच अलीकडच्या काळात दाखवून दिलं. 1990 च्या दशकात सद्दाम हुसेनच्या राजवटीनं त्या दलदली कोरड्या पाडल्या, लोक परागंदा झाले आणि बोरूच्या कमानदार बैठकगृहांचा आधारच गेला. 2003 नंतर बांध फोडून पाणी परत आणलं गेलं, काही लोक परतले, आणि तीच घरं पुन्हा उभी राहिली. 2016 मध्ये त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तो दर्जा मिळण्याआधीच माणसांनी बोरू कापायला घेतला होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. हे दारिद्र्याचं कौतुक नव्हे काय? धुरानं डोळे आणि छाती खराब होत. पिण्याचं पाणी होडीनं आणावं लागे. उत्तर एड्रियाटिकची खाजणं हिवतापाची होती. इटलीनं 1900 पासून सरकारी क्विनीन विकायला सुरुवात केली ती अशाच प्रदेशांसाठी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डीडीटी फवारणीनंतरच हा रोग आटोक्यात आला. 1970 मध्ये देश हिवतापमुक्त ठरला. ज्यांनी हे सोसलं त्यांच्या मुलांनी विसाव्या शतकात मोटर असलेल्या होड्या घेतल्या, गावातल्या पक्क्या घरात झोपायला सुरुवात केली, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नोकऱ्या धरल्या आणि झोपड्या सोडल्या. त्यांचं काही चुकलं नाही. कुणीही परत बाराही महिने धुरात राहावं असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. पण आक्षेप राहणीला लागू पडतो, छपराला नाही. छपराला बारा महिन्यांचं दारिद्र्य लागत नाही. त्याला अधूनमधून पेटलेली चूल, दरवर्षी थोडा नवा बोरू आणि ओल कुठे शिरते हे ओळखणारा डोळा लागतो. एवढं तर चांगल्या घरात राहणारा माणूसही देऊ शकतो.

आणि आज बहुतेक ठिकाणी तोच देतो. अनेक झोपड्या जुन्या मासेमार घराण्यांच्या वारसांकडे किंवा हौशी लोकांकडे आहेत. ते सुटीला होडी घेऊन येतात, मासे भाजतात, दारू पितात, पत्ते खेळतात आणि संध्याकाळी परततात. इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, विशेषतः अभ्यासकांकडून. हे सोंग आहे, म्हणतात, व्यवसाय गेला आणि नुसता देखावा उरला. मला हा आक्षेप उथळ वाटतो. एक तर खाजणात हौशी माणूस आज उगवलेला नाही. हेमिंग्वेची 1950 ची कादंबरी उघडते ती याच किनाऱ्यावरच्या थंड खाजणातल्या बदकांच्या शिकारीनं. श्रीमंत मालकांचे शिकारी पाहुणे आणि त्यांना होडीतून नेणारे खाजणातले गरीब लोक हे नातं तेव्हाच रुळलेलं होतं. पासोलिनीनं 1969 च्या ‘मेदेआ’ चित्रपटातलं सेंटॉरचं घर म्हणून ग्रादोच्या खाजणातली झोपडी निवडली, म्हणजे देखावा म्हणूनही तिचा वापर अर्धशतकाहून जुना आहे. दुसरं म्हणजे पर्याय काय, तो पाहावा. कुंपण घालून, माहितीफलक लावून, चूल बंद ठेवून जपलेली झोपडी ही सर्वांत लवकर कुजणारी. तिचं छप्पर मग ठेकेदाराला काढून नवं घालावं लागतं, आणि बोरू बहुधा दुरून विकत आणावा लागतो, कारण जवळचा कापणारा उरलेला नसतो. अग्निसुरक्षेच्या नावाखाली चूल विझवणं म्हणजे कागदावर धोका कमी करून छपराला सावकाश मारणं. आग नको असेल तर पाण्याची व्यवस्था, राखेची शिस्त आणि माणसाची उपस्थिती यांवर खर्च करावा. रविवारी मासे भाजणारा बेफिकीर असू शकतो. तो धुराडं बसवतो, आत प्लास्टिकचे पत्रे ठोकतो, पेंढ्यांऐवजी तयार चटया लावतो. हे खरं आहे, आणि यासाठी नियम हवेत. पण ते त्याला शिकवता येतं. कुलूपबंद झोपडीला काहीच शिकवता येत नाही.

पक्षिप्रेमींची हरकत निराळी आहे. बोरूच्या बनात तपकिरी बगळा, जांभळा बगळा, दलदली भोवत्या असे पक्षी घरटी करतात, मग ते कापावं का? स्तेल्ला नदीच्या मुखाशी असलेल्या राखीव क्षेत्राचं सगळं महत्त्वच त्या बनांत आहे. ही नदी डोंगरातून न येता मैदानातल्या झऱ्यांतून उगम पावते, त्यामुळे तिचं गोडं, स्वच्छ पाणी वर्षभर येतं आणि खाऱ्या खाजणात बोरू फोफावतो. पण कापणीचा काळ हिवाळा. पानं गळालेली, काड्या वाळलेल्या, मुळं जमिनीखाली सुरक्षित. वसंतात त्यांतून पुन्हा कोंब येतात, आणि घरटी त्यानंतरची. उलट बन कधीच कापलं नाही तर वाळलेल्या काड्यांचा थर साचतो, जमीन उंचावत जाते आणि झुडपं शिरतात. सगळं एकदम कापणं चूक, काहीच न कापणंही चूक. पट्ट्यापट्ट्यांनी, पाळीपाळीनं कापण्यात पक्षी आणि छप्पर दोघांचं भागतं.

पाहायला जायचं तर मारानो लागुनारे इथून होडीनं स्तेल्लाच्या मुखाशी जाणं सर्वांत चांगलं, कारण तिथे झोपड्यांचा समूह एकत्र दिसतो. काओर्लेहून फाल्कोनेराच्या बाजूला सायकलनंही जाता येतं. ग्रादोहून बार्बाना बेटाच्या देवळाकडे होड्या सुटतात. जुलैच्या पहिल्या रविवारी गावातले मासेमार तिथे सजवलेल्या होड्यांची मिरवणूक नेतात, आणि हा नवस 1237 च्या रोगराईपासूनचा असल्याचं सांगतात. मात्र उन्हाळ्यात डास आणि पर्यटक दोन्ही भरपूर. बोरू कापताना पाहायचा तर हिवाळाच हवा, आणि बोराचा अंदाज घेऊनच निघावं. आक्विलेया हे रोमन शहर ग्रादोपासून थोड्याच अंतरावर आहे, तेव्हा दगड आणि बोरू यांची तुलना एका दिवसात होऊ शकते.

समुद्राचं काय, हा शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न. व्हेनिसजवळ जमीन खचणं आणि समुद्र चढणं मिळून गेल्या सव्वाशे वर्षांत पाण्याची पातळी सुमारे एक फूट वाढली आहे. 4 नोव्हेंबर 1966 ला व्हेनिसमध्ये पाणी 194 सेंटिमीटरवर गेलं, 12 नोव्हेंबर 2019 ला 187 वर. जुन्या हिशेबानं यावर उत्तर होतं. मोता धुपली की शेजारचा गाळ उपसून तिच्यावर टाका, झोपडी हलकी आहे, तिच्यासह उंचवटा वर चढेल. पण या खाजणाच्या गाळात पारा आहे. एक भाग इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीतला, जी सुमारे पाच शतकं चालून 1995 मध्ये बंद झाली. तिचा कचरा इसोंझो नदीनं समुद्रात आणला. दुसरा भाग आउसा नदीवरच्या तोर्व्हिस्कोझा इथल्या कारखान्यातला. तिथल्या कॉस्टिक सोड्याच्या विभागानं 1949 पासून 1984 पर्यंत पारा वापरला आणि सांडपाण्यातून तो खाजणात गेला. त्यामुळे गाळ उपसायचा म्हटला की आधी तपासणी, मग परवानगी, मग उपसलेल्या मालाची विल्हेवाट. जे काम बाप-लेक फावड्यानं करत, त्याला आता अभियंत्यांचा अहवाल लागतो. आणि हा कारखाना 1938 मध्ये सुरू झाला होता तो बोरूच्याच एका मोठ्या भाईबंदापासून, देवनळापासून, लगदा काढून कृत्रिम धागा बनवण्यासाठी.